डायमंड टी ९८०: दार, बॉनेट, मडगार्ड कुठून आणावं?

लोखंडी_गाढव

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आता अगदीच गळ्याशी आलं म्हणून धागा काढतोय.

गेल्या वर्षी एक डायमंड टी ९८० पदरात पडला. नाव नवीन असेल त्यांच्यासाठी: शिकागोच्या डायमंड टी कंपनीने दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या मागणीवरून बनवलेला, ट्रेलरवर रणगाडा घालून ओढणारा १२ टनी ट्रक. तीन आस, मागचे दोन्ही चालते. पुढे हर्क्युलिसचं १४.७ लिटरचं सहा सिलिंडरचं डिझेल. ९८० आणि त्याचा भाऊ ९८१ मिळून सहा हजारांच्या आतच बनले. माझा बंद केबिनचा आहे. १९४३ च्या उत्तरार्धात ताडपत्रीच्या टपाची उघडी केबिन आली, त्याआधीचा.

इंजिन फिरतं. चासी सरळ आहे, विंचसुद्धा कुरकुरत का होईना चालते. रडगाणं सगळं पत्र्याचं. उजवं दार खालून वीतभर गंजून गेलंय. डावं दार नाहीच, तिथे आधीच्या मालकाने प्लायवूड ठोकलंय. बॉनेटची उजवी बाजू शाबूत, डावी गायब. डाव्या मडगार्डवर लांबीचा (पुट्टीचा) थर माझ्या अंगठ्याएवढा जाड. काचांची रबरं दगड झालीत. दाराची बाहेरची मूठ एकच उरली आहे आणि तिलाही तडा.

सात महिने "डायमंड टी ९८० दार" म्हणून शोधतोय. फिल्टर मिळतात, टायर मिळतात, दार मिळत नाही. आता नवीनच बनवून घ्यावं या मतावर आलोय. म्हणजे उजवंही काढून भंगारात देतो, दोन्ही एकसारखी करून घेतो. कोणी दारं बनवून घेतली असतील तर काय मापं द्यायची असतात ते सांगा.

पत्रेकाका

थांब. त्या दाराला हात लावू नकोस.

बाकी सविस्तर संध्याकाळी लिहितो, पण भंगारवाला आलाच तर त्याला प्लायवूड दे.

आगाऊ_कार्टा

फायबरचं करा सगळं. रंग मारल्यावर कोणाला कळतंय?

मीटरपट्टी

लोखंडी_गाढव, तुमची शोधायची रीत चुकतेय असं वाटतं. अवजड ट्रकचा पत्रा ट्रकच्या नावाने शोधू नये, "तीच केबिन आणखी कशावर होती" या प्रश्नाने शोधावा. मोटारींचं उत्पादन लाखांत व्हायचं, ट्रकांचं हजारांत. एवढ्याशा आकड्यासाठी केबिनचे ठप्पे बनवणं कोणालाच परवडायचं नाही. म्हणून केबिन वाटून घ्यायची रीत फार जुनी आहे.

उदाहरणं देते. ब्रिटनमध्ये १९५० च्या दशकाच्या शेवटी आलेली एलएडी केबिन. लेलँड, अल्बियन, डॉज या तीन नावांची आद्याक्षरं. बनवायची कॉव्हेंट्रीची मोटर पॅनल्स. जाळी आणि बिल्ला बदलला की ट्रक बदलला. पुढे १९७० च्या दशकात व्होल्वो, डाफ, मागिरुस-डॉइट्झ आणि साव्हियेम या चौघांनी मिळून एकच मध्यम केबिन काढली. आणि खुद्द डायमंड टीने १९५१ पासून इंटरनॅशनलची, एल मालिकेतली केबिन वापरली. तुमचा ट्रक त्याआधीचा, तेव्हा ती तुमच्या कामाची नाही. पण "डायमंड टीचं दार आहे" म्हणून कोणी इंटरनॅशनलचं दार गळ्यात मारलं तर कळावं म्हणून सांगितलं.

तुमची बंद केबिन मुळात लष्करी नव्हे. कंपनी युद्धाआधी जे नागरी ट्रक विकत होती त्यांचीच केबिन घाईत लष्करी चासीवर बसवली. सुरुवातीच्या ९६८ वर, म्हणजे ४ टनी भावंडावर, तीच जातकुळी. तेव्हा शोध "युद्धाआधीचा डायमंड टी, कोणताही" असा लावा. दार, मागची भिंत, टप, काचेच्या चौकटी यांत जुळणी निघायची आशा आहे. बॉनेटची मात्र सोडा. ९६८ मध्ये ८.७ लिटरचं पेट्रोल इंजिन आहे, तुमच्या डिझेलपुढे ते लहानखुरं. ९८० चं नाक लांब, ते ९८० चंच.

आणखी एक. अमेरिकन सैन्याच्या पुरवठा यादीत प्रत्येक गाडीला जी-क्रमांक असायचा. तुमच्या ट्रकचा जी१५९, ९६८ चा जी५०९. जुना लष्करी माल विकणारे कित्येक जण गाडीचं नाव लिहीतच नाहीत, नुसता हा क्रमांक टाकतात. तुमचे सात महिने कदाचित इथेच गेले.

लोखंडी_गाढव

ताई, जी-क्रमांक हा प्रकारच माहीत नव्हता. लगेच शोधलं. अर्ध्या तासात मूळ पार्ट्स लिस्टची प्रत सापडली आणि दाराच्या बिजागरीचं सुटं चित्रही! दार नाही, पण चित्र तरी.

पत्रेकाका

हां, आता बोलतो.

कुजलेलं दार म्हणजे भंगार नव्हे, तो तुझा नकाशा आहे. या ट्रकच्या दाराचं कारखान्यातलं ड्रॉइंग तुला कोण देणार? कोणी नाही. त्या दारात काय काय आहे बघ. बाहेरच्या पत्र्याचा फुगार किती, कड किती मिलिमीटर दुमडली आहे, बिजागरीची भोकं चौकटीपासून किती अंतरावर, पाणी जायची भोकं कुठे, आतली पट्टी स्पॉट वेल्डने कुठे कुठे जोडली आहे. खालची वीतभर गेली म्हणतोस, म्हणजे वरचं सगळं सांगायला शिल्लक आहे. आणि खालचं काय होतं तेही गंजाच्या कडेवरून समजतं.

माझ्या हातून हे पाप एकदा झालंय म्हणून पोटतिडकीने सांगतो. एका जुन्या टँकरचं मडगार्ड चाळणी झालेलं. मापं वहीत घेतली, मडगार्ड फेकलं. वहीत लांबी, रुंदी, उंची, सगळं होतं, नव्हती फक्त कमान. तीन वेळा मडगार्ड बनवलं, तिन्ही वेळा ट्रक रुसल्यासारखा दिसायचा.

तर पहिलं काम: दार काढायच्या आधी दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोज. दार चौकटीला बसतंय की चौकट दाराला, हे आधी कळू दे.

आगाऊ_कार्टा

माझ्या फायबरला कोणी उत्तर दिलं नाही :(

पत्रेकाका

देतो बाळा. फायबरचं बॉनेट मी एका कारखान्यातून करवून घेतलं होतं. साचा घेताना मूळ बॉनेटला आतून आधार दिला नाही, त्यामुळे साच्यातच पोक आलं. बसवलं तेव्हा बरं दिसलं. मग इंजिन तापलं, मॅनिफोल्डच्या (इंजिनच्या गरम धूरनळीच्या) बाजूने फायबर मऊ पडलं, आणि दोन उन्हाळ्यांत बॉनेटच्या मधोमध घोड्याच्या पाठीसारखा खोलगा. कळत नाही म्हणतोस ना? झाकण आपटल्यावर येणारा आवाजच सांगतो. पत्रा "धाड" करतो, फायबर "थप्प".

सुतारपक्षी

फायबर सरसकट वाईट नाही हो काका, टपावरच्या हवेच्या झडपेचं छोटं झाकण वगैरेला चालतं. पण ते असो.

मी एईसी मॅटॅडोरच्या केबिनवर काम केलंय. तो ब्रिटिश तोफा-ओढ्या. त्याची केबिन म्हणजे ॲश लाकडाचा सांगाडा आणि त्यावर पत्र्याचं कातडं. तिथे गंमत अशी की पत्रा जवळजवळ सपाट असतो, नवीन कापून ठोकता येतो. खरं दुखणं लाकडाचं. बाहेरून पत्रा धडधाकट आणि आत स्क्रू भुशात फिरतोय. म्हणून जुन्या केबिनवाल्यांना माझा सल्ला: पत्र्यावर टिचकी मारून थांबू नका, सांध्यात टोकदार सळई खुपसून बघा. डायमंड टीला हे लागू किती ते इथले जाणकार सांगतील.

धागालेखक, तुमच्या केबिनला पायाशी लाकडी ठोकळे किंवा रबरी बैठका आहेत का? त्या बसल्या असतील तर सगळी केबिन एका कोपऱ्यात खचते.

लोखंडी_गाढव

बैठका बघितल्या नाहीत. बघतो.

बॉनेटच्या डाव्या बाजूचं काय करायचं? ताई म्हणतात ९८० चं नाक दुसऱ्या कशाचंच नाही. मग तर संपलंच.

पत्रेकाका

संपलं कसं? उजवी आहे ना!

हे नीट वाच. चिकटपट्टीचा सदरा करायचा. उजव्या बाजूचा बाहेरचा पत्रा स्वच्छ पुसून घे. त्यावर आधी कमी चिकट असलेली कागदी पट्टी, एकाला एक थोडी चढवून, पूर्ण झाकेल अशी लाव. तिच्यावर दोऱ्याची जाळी असलेली मजबूत पट्टी आडवी, मग उभी. ही ताणली तरी लांबत नाही, सगळं मर्म तिच्यात. कडा, भोकं, घडीची रेघ, हवेच्या फटी, सगळं पेनाने वर उतरव. मग सदरा सोलून काढ आणि आतल्या चिकट बाजूला हलकी पावडर मार. पत्र्याचा आकार जसाच्या तसा हातात येतो, पण कापडासारखा लवचिक.

आता मोजा उलटा करतो तसा तो उलटा कर. झाली डावी बाजू!

नवीन पत्र्यावर हा सदरा घालून बघायचा. जिथे सैल पडतो तिथे पत्रा अजून ताणायचा, जिथे घट्ट बसतो तिथे जास्त ताणला गेलाय, तिथे आक्रसायचा. इंग्लिश व्हील (दोन चाकांमध्ये पत्रा दाबून बाक आणायचं यंत्र) असेल तर उत्तम. नसेल तर वाळूची पिशवी, लाकडी हातोडा आणि धीर. सदरा क्षेत्रफळ सांगतो, कमान सांगत नाही, हे लक्षात ठेव. पत्र्यात पुरेसा माल आहे का ते सदरा बोलतो. तो माल कुठल्या बाकाने उभा राहायचा ते सांगायला जाड पुठ्ठ्याचे फर्मे लागतात, दर वीतभरावर एक, उजव्या बाजूवर घासून घासून बसवलेले. वर रेघ आणि नंबर घाल, नाहीतर तिसऱ्या दिवशी चौथा कुठला आणि सातवा कुठला कळत नाही.

पत्रा घेताना जाडी मोज. रंग खरवडून, गंज नसलेल्या जागी, मायक्रोमीटरने. अंदाजाने "१६ गेज असेल" म्हणू नकोस. आणि खोल ओढाईचा मऊ पत्रा माग, साधा कडक पत्रा व्हीलखाली उड्या मारतो.

मीटरपट्टी

काकांच्या सदऱ्याला +१. हल्ली लोक थेट थ्रीडी स्कॅन करून आरसा-प्रतिमा काढतात. मीही करते. पण स्कॅन पोक आणि डेंटसुद्धा इमानदारीने उतरवतो, आणि मग पोक आलेल्या पत्र्याची हुबेहूब पोक आलेली आवृत्ती मिळते. फर्मे कापायला स्कॅन छान: संगणकातून काप काढायचे, प्लायवूडवर लेझरने कापायचे, त्यांचा सांगाडा उभा करून त्यावर पत्रा बसवून बघायचा. ठोकायचं मात्र हातानेच.

हवेच्या फटींसाठी एक नर-मादी ठप्पा करून घ्या, छोट्या प्रेसवर एकेक फट पडते. आधी टाकाऊ पट्टीवर चार पाडून बघा. सलग फटी पाडल्या की पत्रा त्या ओळीत ओढला जातो आणि कड आत येते. म्हणून फटी आधी, कडा कापायचं काम नंतर.

ओतारी

मुठीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. त्या काळच्या पुष्कळ मुठी जस्ताच्या मिश्रधातूच्या. त्यात शिशाची भेसळ जास्त असेल तर धातू आतून फुगतो, तडकतो, आणि एक दिवस हातात तुकडा येतो. तिला वेल्ड करण्याच्या फंदात पडू नका, वितळून थेंब होईल. जशी आहे तशी जपा आणि तिच्यावरून पितळेत ओतून घ्या.

पण पितळ थंड होताना साधारण दीड टक्का आक्रसतं. १५० मिलिमीटरची मूठ तशीच साच्यात दाबली तर नवी सव्वादोन मिलिमीटरने आखूड निघते. लांबीत चालून जातं, पण चौकोनी दांड्याच्या भोकात आणि बैठकीच्या स्क्रूत नाही. म्हणून मूळ मुठीवर मेणाचा पातळ थर चढवून मग साचा घ्यायचा, किंवा ताईंसारखं स्कॅन करून १.५ टक्क्याने मोठी प्रत छापून घ्यायची. भोकं ओतायची नाहीत, नंतर पाडायची.

नवा_भिडू

वाचनखूण साठवली. एक बावळट प्रश्न, काचा कुठून आणणार?

मीटरपट्टी

बावळट नाही, उलट या सगळ्यात सोपं उत्तर याचंच. त्या काळच्या काचा सपाट. जुनी काच किंवा पुठ्ठ्याचा फर्मा द्या, कोणीही चांगला काचवाला लॅमिनेटेड काच कापून देतो. टफन्ड काच मात्र एकदा भाजली की कापता येत नाही, कापायला जाल तर खडे होतील. पुढच्या काचेला लॅमिनेटेडच. रबराचंही तसंच: पट्टीचा आडवा छेद कापून, शाईत बुडवून कागदावर ठसा घ्या. रबर विकणाऱ्यांकडे शेकडो छेद असतात, त्यात ट्रकचं नाव कोणी विचारत नाही.

सुतारपक्षी

अवांतर: विकणाऱ्याने फोटो पाठवला तर भागाला मीटरपट्टी (म्हणजे टेप, आमच्या ताई नव्हेत) लावलेला आणि तुमचं सदस्यनाव कागदावर लिहून शेजारी ठेवलेला फोटो मागा. मला एकाने पाठवलेला बंपरचा फोटो मीच दोन वर्षांपूर्वी दुसरीकडे टाकलेला होता.

लोखंडी_गाढव

मंडळी, दीड महिन्याने लिहितोय, पण बातमी घेऊन आलोय.

डावं दार मिळालं! ९८० चं नाही. ताईंनी सांगितल्याप्रमाणे नागरी डायमंड टी शोधत होतो. एका यार्डात क्रेन बसवलेला सांगाडा उभा होता. मॉडेलची पट्टी कधीच गेलेली. चासीवर बाभळी उगवल्यात, पण एक दार वर अडकवलेलं असल्यामुळे पावसातून वाचलंय. माझं कुजकं दार गाडीत टाकून नेलं होतं, शेजारी ठेवून बघितलं. खिडकीची चौकट आरशातली. बिजागऱ्यांमधलं अंतर तेच. मुठीचं भोक तेच. आतली पत्र्याची पट्टी वेगळी आहे, पण ती बदलता येईल. काका, दार फेकलं असतं तर तिथे उभा राहून काय ताडून बघितलं असतं देव जाणे.

आता रडगाणं. बसवलं तर बसत नाही. वर बिजागरीच्या बाजूला बोट जाईल एवढी फट, खाली कुलपाच्या बाजूला पायदानाला घासतंय. बिजागऱ्या मागेपुढे करून बघितल्या. शेवटी दाराची खालची कड घासायला ग्राइंडर हातात घेतला होता, तेवढ्यात वाटलं आधी इथे विचारावं.

पत्रेकाका

ग्राइंडर खाली ठेव. कर्ण मोजलेस का?

लोखंडी_गाढव

...नाही.

मोजतो.

लोखंडी_गाढव

उजवी चौकट: १४४५ आणि १४४४.
डावी चौकट: १४५२ आणि १४३८.

पत्रेकाका

दार बरोबर आहे. ट्रक वाकडा आहे.

चौदा मिलिमीटर फरक म्हणजे डावा खांब खाली बसलाय. वर्षानुवर्षं दार नाही, प्लायवूड कसला आधार देतंय. सुतारपक्ष्याने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, बैठका बघितल्यास का?

लोखंडी_गाढव

आत्ता खाली शिरून आलो. डावीकडची पुढची बैठक म्हणजे गंजाचा पापड. तिच्यावरची आडवी पट्टी पेनच्या टोकाने फुटली. वरून रंग तुळतुळीत होता!

म्हणजे मी चौकटीची मापं देऊन नवीन दार बनवून घेतलं असतं तर...

मीटरपट्टी

तर वाकड्या चौकटीला चपखल बसणारं वाकडं दार मिळालं असतं. आणि पुढे केबिन सरळ केलीत की ते उघडलंच नसतं.

सुतारपक्षी

आता घाई नको. दार काढून ठेवा. जॅक थेट पत्र्याखाली लावू नका, लाकडाची जाड फळी आडवी टाकून आडव्या पट्टीच्या धड भागाखाली. बैठकीचा बोल्ट आधी सोडा, नाहीतर चासीच उचलत बसाल. बोल्ट अमेरिकन आट्यांचे आहेत, ब्रिटिश पाना लावून कोपरे गोल करू नका.

पत्रेकाका

आणि एकदम उचलू नकोस. थोडं उचल, कर्ण मोज, थोडं उचल. पत्रा मागे वळताना थोडा जास्त न्यावा लागतो, सोडला की परत येतो. २-३ मिलिमीटर पलीकडे नेऊन ठेव. चौकटीत आतून एक तिरपी सळई टाचून घे. रात्रभर तसंच राहू दे, सकाळी जॅक उतरव, सळई सोड आणि मग मोज. चौकट टिकली तर सळई परत टाच, मगच कुजलेली पट्टी काप, नवी वेल्ड कर. उलटं केलंस तर वाकडेपणाच वेल्ड होईल.

जुना रंग खरवडताना तोंडाला चांगला मास्क लाव. त्या काळच्या रंगात शिसं असतं. कोरडा घासू नकोस, ओला घास.

आगाऊ_कार्टा

मी फायबरचे शब्द मागे घेतो. सकाळी काय झालं ते टाका नक्की.

लोखंडी_गाढव

रात्री साडेदहापर्यंत सहा वेळा उचललं. एकदा "टण्ण" असा आवाज आला, वाटलं काच गेली. काच नव्हती, टपाच्या सांध्यातली जुनी लांबी तडकून खाली पडली. आत मूळ रंग दिसला, ऑलिव्ह. बाकी सगळीकडे त्याच्यावर लाल, निळा आणि परत लाल आहे. तो तुकडा जपून ठेवलाय, रंग जुळवायला.

१४४३ आणि १४४७ वर सळई टाचून झोपलो.

लोखंडी_गाढव

सकाळ. जॅक उतरवला, सळई सोडली.

१४४६ आणि १४४४.

दार नुसतं हाताने धरून टेकवलं. कुलपाच्या बाजूची फट वरपासून खालपर्यंत सारखी, साधारण पाच मिलिमीटर. सळई परत टाचली, आता पट्टी कापायला घेतो. काका, उजव्या बाजूचीही बैठक उघडून बघू का, की चालतंय ते चालू दे?

पत्रेकाका

उघड.